छंद म्हणून छोटं मायनिंग: जुन्या डेस्कटॉपवर करू की बिटॅक्स घेऊ? (खानापूर, जि. बेळगाव, हेस्कॉम वीज कंपनीचं मीटर)

नंदगड_पोरगा:
सगळ्यांना नमस्कार. बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांचं मायनिंग म्हणजे नक्की काय चालतं हे हातानं करून शिकायचं आहे. पैसा कमवायचा हेतू नाही, पण दर महिन्याला खिशातून किती जाणार ते आधी कळलेलं बरं. घरी रायझन ५ ३६०० चा डेस्कटॉप आहे, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड साधंच. वरखर्चाला वीस हजारांपर्यंत ठेवले आहेत. माहीतगारांनी चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात:

डेस्कटॉपवर मोनेरो ह्या नाण्याचं मायनिंग करावं की बिटॅक्स नावाचं बिटकॉइनचं छोटं यंत्र घ्यावं? कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत (मोफत वीज) बिल शून्य येतं, त्याचं काय होईल? पावसाळ्यात आमच्याकडं लाईट सारखी जाते-येते, ते यंत्राला चालेल का? आणि एक ओळखीचा जुना अँटमायनर एस १९, म्हणजे बिटकॉइनचं मोठं यंत्र, स्वस्तात देतो म्हणतोय, तो घेऊ का?

हॅश_निपाणी:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात नुकसान सगळ्यात मोठं आहे. एस १९ घरात आणू नका. तो सव्वातीन हजार वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे दिवसाला ७८ युनिट आणि महिन्याला २,३०० च्या वर. घरगुती मीटरचा मंजूर लोड बहुतेक एक ते तीन किलोवॉट असतो, तिथंच गाडी अडते. आवाज ७५ डेसिबलच्या घरात, शेजारीपाजारी रात्री दार वाजवतील. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर, म्हणजे बक्षीस निम्मं झाल्यावर, प्रत्येक ब्लॉकचं (व्यवहारांच्या गठ्ठ्याचं) बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलं, म्हणून अशी जुनी यंत्रं मोठ्या शेडमधून बाहेर पडताहेत आणि स्वस्त दिसताहेत.

ग्राफिक कार्डाचा विचारही सोडा. इथेरियम हे नाणं सप्टेंबर २०२२ मध्ये प्रूफ ऑफ स्टेक ह्या मायनिंगशिवाय चालणाऱ्या पद्धतीवर गेलं आणि घरगुती कार्डांचं मुख्य काम तिथंच संपलं.

राहिले दोन मार्ग. बिटॅक्स गॅमामध्ये बीएम १३७० ही एकच चिप असते, मोठ्या यंत्रात असतात तसल्याच जातीची. वेग साधारण १.२ टेराहॅश, म्हणजे सेकंदाला १.२ लाख कोटी हॅश (ब्लॉक पकडण्यासाठी मारलेले अंदाज). बोर्ड १७-१८ वॉट घेतो, अडॅप्टरची गळती धरून भिंतीच्या प्लगवर २० वॉट धरा. महिन्याला १४-१५ युनिट झाले. सगळे आकार धरून युनिटला सात रुपये पकडले तर शंभर रुपये.

आता मिळणार काय ते बघा. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे जगभरात ४५० बिटकॉइन नवे तयार होतात. नेटवर्कचा वेग एक झेटाहॅश धरला, म्हणजे शंभर कोटी टेराहॅश, तर १.२ टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला ५४ सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) येतात. महिन्याला सोळाशेच्या आसपास. बिटकॉइनचा भाव बासष्ट लाखांच्या वर असेल तरच लाईटबिल निघतं, आणि यंत्राची किंमत त्यात धरलेलीच नाही. वेग आणि भाव दोन्ही बदलत राहतात, त्यामुळं हा हिशेब त्या दिवशीचे आकडे घालून स्वतः मांडायचा. दुसऱ्याच्या कॅल्क्युलेटरवर भिस्त ठेवायची नाही.

सोलो, म्हणजे एकट्यानं ब्लॉक पकडायचा म्हटलं तर त्याच आकड्यांवर सरासरी सोळा हजार वर्षं लागतात. तरीही शिकायला सोलोच बरं असं माझं ठाम मत आहे. पूलमधले, म्हणजे अनेकांनी मिळून केलेल्या मायनिंगमधले, ५४ सातोशी कित्येक महिने किमान पेआउटच्या (हातात मिळायच्या किमान रकमेच्या) खालीच पडून राहतात, आणि सोलोमध्ये प्रत्येक शेअरची (यंत्रानं पाठवलेल्या उत्तराची) डिफिकल्टी, म्हणजे ते किती अवघड होतं, डोळ्यासमोर दिसते. त्यातूनच विषय उमगतो.

नंदगड_पोरगा:
दादा, मग मोनेरो? डेस्कटॉप घरात आहेच, नवा खर्च नाही.

हॅश_निपाणी:
आहे त्या मशीनवर महिनाभर करून बघा की. नोव्हेंबर २०१९ पासून मोनेरो रँडमएक्स ही मायनिंगची पद्धत वापरतं, ते मुद्दाम साध्या सीपीयूसाठी बनवलेलं आहे. प्रत्येक थ्रेडला (सीपीयूतल्या कामाच्या एका धाग्याला) २ एमबी एल ३ कॅश, म्हणजे सीपीयूच्या आतली जलद मेमरी, लागते आणि शिवाय २ जीबीच्या वर रॅम. ३६०० मध्ये ३२ एमबी कॅश आहे, म्हणून बाराही थ्रेड बसतात. दिसायला सारखाच असलेला ५६००जी घेतला असता तर १६ एमबीत आठच बसले असते. असल्या कामासाठी सीपीयू घेताना आधी कॅश बघतात, गिगाहर्ट्झ नंतर.

मोनेरो मायनिंगचा प्रोग्रॅम एक्सएमरिग फक्त त्याच्या मूळ गिटहब पानावरून उतरवा. विंडोज डिफेंडर त्याला व्हायरस समजून उडवतो, कारण चोरून मायनिंग करणारे हाच प्रोग्रॅम लोकांच्या मशीनमध्ये घुसवतात. त्या एकाच फोल्डरला सूट द्या, अँटिव्हायरस बंद करून बसू नका. उबंटू असेल तर ह्यूज पेजेस (मेमरीचे मोठे तुकडे) १२८० वर लावा. ते केलं नाही तर वेग बराच पडतो आणि लोकांना वाटतं मशीनच मंद आहे. रॅमच्या दोन काड्या दोन वेगळ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये आहेत ना तेही बघा, सोळा जीबीची एकच काडी असेल तर तिथंही मार बसतो. सगळं जमलं की ३६०० सहा ते सात किलोहॅश (सेकंदाला सहा-सात हजार हॅश) देतो.

मोनेरोचा ब्लॉक दोन मिनिटांनी, बक्षीस ०.६, म्हणजे दिवसाला ४३२ नाणी. नेटवर्क सहा गिगाहॅश (सहाशे कोटी हॅश) धरलं तर साडेसहा किलोहॅशला महिन्याला ०.०१४ नाणं. मशीन १२० वॉट खाते, महिन्याला ८६ युनिट, सहाशे रुपये. आणखी एक अडचण आहे: बायनान्स ह्या क्रिप्टो एक्स्चेंजनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढून टाकलं, त्यामुळं ते विकायचा रस्ता बिटकॉइनइतका सरळ नाही. शिकायला उत्तम, कायम चालू ठेवायला नाही.

वायरमन_चिकोडी:
लाईटचं मी सांगतो. गृहज्योतीत सरसकट २०० युनिट फुकट मिळतात असं बरेच जण धरून चालतात, ते चूक आहे. २०२२-२३ ची तुमच्या मीटरची महिन्याची सरासरी घेतात, त्यावर दहा टक्के वाढवून देतात, आणि तेवढाच तुमचा हक्क. अगदी कमी वापराच्या मीटरांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट जादा मिळतात. हक्काच्या वर पण २०० च्या आत वापरलं तर वरच्या युनिटांचं बिल येतं. २०० ओलांडलं की अख्ख्या महिन्याचं बिल भरायचं.

समजा सरासरी ७० होती, हक्क ७७, आणि वापर आता ७५ आहे. बिटॅक्स लावला की ८९-९० होतील, बारा-तेरा युनिटांचं बिल येईल, काही बिघडत नाही. त्याच घरात डेस्कटॉप चोवीस तास चालवला तर १६१, म्हणजे ८४ युनिटांचे पैसे. पण ज्या घरचा वापर आधीच १२० आहे तिथं डेस्कटॉप २०६ वर नेतो आणि शून्याचं बिल एकदम पूर्ण होतं. म्हणून आधी हेस्कॉमची जुनी बिलं काढून हक्काचा आकडा बघा. भाड्याचं घर असेल तर मालकाशी आधीच बोलून घ्या.

शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर मशीन लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. ज्या कामाला कनेक्शन दिलं ते सोडून दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते.

लाईट जाण्या-येण्याचं यंत्राला फारसं काही नाही. बिटॅक्स आपोआप चालू होतो, राउटर वर आला की पुन्हा जोडला जातो. धोका असतो तो लाईट परत येतानाच्या झटक्याचा आणि आभाळातल्या विजेचा. एप्रिल-मेच्या वळवात गडगडाट सुरू झाला की यंत्र आणि राउटर दोन्हीचे प्लग काढा. स्पाइक गार्ड लावा, पण अर्थिंग नसेल तर तो नुसता एक्स्टेंशन बोर्ड राहतो. मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या. खानापूरच्या बाजूला मातीत ओल भरपूर, पण तारेचा जोड गंजलेला असतो. दोष तिथं निघतो.

शहापूर_सोल्डर:
बिटॅक्स मरतो तो बहुतेक वेळा अडॅप्टरमुळं. गॅमाला ५ व्होल्ट लागतात, ६ अँपिअरचा अडॅप्टर घ्या, पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरची. तीच पिन बऱ्याच राउटरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरला असते, अगदी घट्ट बसते आणि बोर्ड जागच्या जागी जळतो. राउटरच्या छोट्या यूपीएसचं तसंच, त्यातही बहुतेक १२ व्होल्टच असतात. दोन्ही अडॅप्टरवर आजच पट्टी चिकटवून व्होल्टेज लिहा. बोर्डावरचं यूएसबी-सी फर्मवेअर घालण्यासाठी आहे, मोबाइल चार्जर लावून चालवायला नाही. स्वस्त अडॅप्टरची वायर बारीक असते, मग स्क्रीनवर इनपुट व्होल्टेज ४.८ च्या खाली दिसतं आणि यंत्र मधूनमधून रीस्टार्ट होतं. लोक त्याचा दोष वायफायला देत बसतात.

जोडणी सोपी आहे. चालू केल्यावर यंत्र स्वतःचं वायफाय सोडतं, मोबाइलनं त्याला जोडून १९२.१६८.४.१ उघडा आणि घरचं नाव-पासवर्ड घाला. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतं. राउटरवर दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर वेगळं करा. पूलच्या खान्यात नुसता पत्ता लिहायचा, पोर्ट वेगळ्या खान्यात. सोलो सीकेपूल ह्या सोलो मायनिंगच्या सेवेचा पोर्ट ३३३३, ब्लॉक लागला तर दोन टक्के कापतात. युजरच्या जागी तुमचा बिटकॉइन पत्ता, टिंब, मग यंत्राचं नाव. पत्ता कॉपी करूनच घाला, आणि पहिली व शेवटची सहा अक्षरं जुळवा. वॉलेट स्वतःचं हवं, त्याचे बारा शब्द (वॉलेट परत उघडायची किल्ली) कागदावर लिहून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो नको.

फ्रीक्वेन्सी ५२५ आणि कोअर व्होल्टेज ११५० ह्या मूळ सेटिंगवर महिनाभर हात लावू नका. चिपचं तापमान ६५ च्या खाली असावं. ७५ ला यंत्र स्वतःला आवरतं. मे महिन्यात अथणीकडं खोलीतच चाळीस अंश असतील तर फ्रीक्वेन्सी ४५० पर्यंत उतरवा. नवं असूनही तापत असेल तर हीटसिंक काढून चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बघा, कित्येकदा कोपऱ्यातच लागलेली असते.

आपल्याकडची खरी कटकट पंख्याची आहे. वडगाव-शहापूर भागात मागाचा कापूस उडतो, ऊसतोडीच्या दिवसांत पाला पेटवला की काजळी आत येते. पंधरा दिवसांनी ब्रशनं पंखा झाडा, झाडताना पातं बोटानं धरून ठेवा. खानापूरच्या पावसात यंत्र सतत चालू असलेलंच बरं, गरम बोर्डावर दमट हवेचं पाणी धरत नाही. बरेच दिवस बंद ठेवायचं असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

आणि यंत्र खरंच काम करतंय का हे ओळखायची खूण. १.२ टेराहॅशला दिवसाचा सर्वोत्तम शेअर साधारण अडीच कोटी डिफिकल्टीच्या आसपास पडतो, महिन्याचा सत्तर कोटींच्या आसपास. कमी-जास्त होणारच, पण महिनाभरात पाच कोटींवरच अडकला असेल तर वेग खोटा दाखवला जातोय किंवा शेअर नाकारले जाताहेत. ब्लॉकसाठी लागते ती डिफिकल्टी १०० ट्रिलियनच्या पुढं आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मायनिंग कशाला म्हणतात ते कळतं.

हिशेबनीस_बेळगाव:
कराचं थोडक्यात. क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून सरळ ३० टक्के, वर चार टक्के सेस. मायनिंगचं यंत्र आणि वीज हा खर्च त्यातून वजा होत नाही, हे अर्थ मंत्रालयानं मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळताही करता येत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस आहे. सोळाशे सातोशींसाठी कुणी घाबरायचं कारण नाही, पण पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, किती आलं, त्या दिवशीचा रुपयातला भाव.

बिटॅक्स बाहेरून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि कुरिअरचा आकार धरूनच वीस हजारांत बसवा. आणि "यंत्र आमच्याकडं, हप्ता तुमच्याकडं" म्हणणाऱ्या क्लाउड मायनिंगच्या नादी लागू नका. दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या, पैसे मात्र हजारो लोकांचे अडकले.

नंदगड_पोरगा:
आभारी आहे सगळ्यांचा. जुनी बिलं काढली, आमचा हक्क ६४ युनिटचा आहे आणि वापर साठच्या आसपास. म्हणजे आधी डेस्कटॉपवर एक्सएमरिग रात्रीच चालवून शिकतो, मग बिटॅक्स. रात्री आठ तासच चालवलं तर वेग गाठायला वेळ जातो का?

हॅश_निपाणी:
नाही. रँडमएक्सचा २ जीबी डेटा तयार व्हायला काही सेकंद लागतात, त्यानंतर पूर्ण वेग. आठ तासांना एक युनिटापेक्षा थोडं कमी, महिन्याला २९. तुमच्या हक्काच्या वर पंचवीसेक युनिट जातील, पावणेदोनशे रुपये. मात्र सीपीयूचं तापमान पहिल्या रात्री झोपण्याआधी अर्धा तास बसून बघा. सीपीयूसोबत आलेलाच कूलर असेल तर तापमान ८५ च्या वर जाऊ शकतं. तसं झालं तर बायोसमध्ये इको मोड ४५ वॉटवर लावा. वेग थोडाच कमी होतो, वीज बरीच वाचते.