सामायिक स्टेडियमात व्यावसायिक फुटबॉल नांदू शकतो का?

उत्तरस्टँड:
एकच स्टेडियम बांधायचं, त्यात अ‍ॅथलेटिक्स, रग्बी, क्रिकेट, संगीताचे जलसे सगळं घ्यायचं आणि भाडेकरू म्हणून एक व्यावसायिक फुटबॉल क्लब बसवायचा. कागदावर हा विचार फार शहाणपणाचा दिसतो. मला तो पटत नाही. क्लबाला स्वतःचं घर लागतं.

मैदान धरा १०५ बाय ६८ मीटर. ते ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकमध्ये बसवलं की चारही कोपरे ट्रॅकच्या आतल्या कडेला जवळजवळ टेकतात. कॉर्नर घेणाऱ्याला धाव घ्यायला जागा हवी, म्हणून ट्रॅकवरच हिरवं आच्छादन टाकावं लागतं. गोलमागे उलटी गत. तिथे ट्रॅक अर्धवर्तुळात वळतो, मैदान चौकोनीच राहतं, आणि मध्ये जो अर्धचंद्र उरतो तो सर्वांत रुंद जागी सव्वीसेक मीटरचा. त्यात आठ लेनचे जवळपास दहा मीटर मिळवा. सबंध नव्वद मिनिटं उभं राहून गाणारा प्रेक्षक गोलमागेच असतो, आणि नेमका तोच पस्तीस मीटर मागे ढकलला जातो.

इटलीतल्या युव्हेंटस क्लबाचं उदाहरण घ्या. १९९० च्या विश्वचषकासाठी ट्युरिनमध्ये बांधलेलं देले आल्पी जवळजवळ सत्तर हजारांचं, ट्रॅकसकट. क्लबाने ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये सुमारे ४१ हजारांचं नवं उभारलं. मोठं पाडून लहान! जर्मनीतलं बायर्न म्युनिकही १९७२ पासून ज्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळत होतं, ते २००५ मध्ये सोडून गेलं.

हिशेबनीस:
तुमची तळमळ पोहोचली, पण पैशाचं बोलू या. वीस संघांच्या लीगमध्ये घरचे सामने एकोणीस. चषक स्पर्धा धरल्या तरी वर्षातले तीनशेहून जास्त दिवस कुलूप. सार्वजनिक पैशातून बांधलेली वास्तू इतके दिवस रिकामी ठेवायची? बायर्न आणि युव्हेंटसला स्वतःचं बांधणं झेपलं, मधल्या फळीतल्या क्लबांना नाही झेपत.

शिवाय मँचेस्टर सिटीचं काय? त्यांचं स्टेडियम २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठीच तर बांधलं होतं.

उत्तरस्टँड:
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. स्पर्धा संपल्यावर तिथला ट्रॅक उखडला, जमीन खोल खणून मैदान खाली नेलं, त्या जागी खुर्च्यांचा खालचा नवा मजला बसवला आणि मग २००३ मध्ये क्लब राहायला आला. दोन खेळ एकत्र नांदलेच नाहीत. एक गेला, मग दुसरा आला. आणि हे बेत मूळ आराखड्यातच होते.

लंडनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये ट्रॅक ठेवायचा ठरला. २०१६ पासून वेस्ट हॅम हा क्लब तिथे आहे. खालच्या खुर्च्या सरकत्या आहेत, पण उन्हाळ्यात त्या हलवायच्या आणि पुन्हा बसवायच्या याला दर वर्षी मोठा खर्च येतो. २०१७ मध्ये तिथे जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली, तेव्हा क्लबाने हंगामातले पहिले तिन्ही लीग सामने परक्या मैदानांवर खेळले.

काटकोन:
दोघंही 'सामायिक' या एका शब्दावर भांडताय. सामायिक कोणाशी, ते आधी ठरवा. चौकोनी खेळाची जोडी चौकोनी खेळाशी जमते. ब्रिटनमधल्या हडर्सफील्ड आणि हल इथे फुटबॉल आणि रग्बी वर्षानुवर्षं एकाच छपराखाली खेळले जातात, स्वानसीतही २०२५ पर्यंत खेळले जायचे. प्रेक्षक मैदानाला चिकटून बसतात, गोलमागचा आवाज खाली उतरतो. वर्तुळ किंवा लंबवर्तुळ आलं की बिघडतं: ट्रॅक, क्रिकेट, ऑस्ट्रेलियन फुटबॉल. बेसबॉल तर त्याहून अवघड. न्यू यॉर्क सिटी हा फुटबॉल क्लब २०१५ पासून यांकी या बेसबॉल स्टेडियममध्ये खेळतो. बेसबॉलच्या मातीवर हिरवळीचे पट्टे अंथरतात, मैदानाची रुंदी जेमतेम ६४ मीटर, आणि बेसबॉलचे सामने आडवे आले की या क्लबाला घरचा सामना दुसरीकडे न्यावा लागतो. आता ते स्वतःचं २५ हजारांचं स्टेडियम बांधताहेत.

अमेरिकन फुटबॉल मधे कुठेतरी बसतो. त्याचं मैदान लांबीला जवळजवळ ११० मीटर, म्हणजे पुरेसं. रुंदी मात्र जेमतेम ४९. एकोणीस मीटरची तूट! खुर्च्या त्या ४९ च्या हिशेबाने पुढे आणल्या असतील तर फुटबॉलचे कोपरे खुर्च्यांत घुसतात. २०२६ च्या विश्वचषकासाठी न्यू यॉर्कजवळच्या मेटलाइफ स्टेडियमच्या कोपऱ्यांतल्या खुर्च्या काढाव्या लागल्या त्या यामुळेच. सिएटलमध्ये आराखडा करतानाच फुटबॉल डोक्यात होता, म्हणून तिथे हा प्रश्न आला नाही.

गवतवाला:
मी बरीच वर्षं मैदानाच्या देखभालीचं काम केलं. कोणत्या क्लबात, ते सांगत नाही. वरच्या सगळ्या चर्चेत खुर्च्या आल्या, गवत कोणाच्याच ध्यानात नाही.

रग्बीचा स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू जुंपून एकमेकांना रेटतात ती झुंज, एकाच जागी चार-पाच वेळा झाला की तिथलं गवत मुळासकट सुटतं. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी फुटबॉलचा बचावपटू वळतो आणि त्याचा पाय सरकतो. आमच्याकडे एका जलशासाठी तीन दिवस मैदान झाकून ठेवलं होतं. आच्छादन उचललं तेव्हा खालचं गवत पिवळं पडलेलं, चिकट झालेलं. आठवड्यात सामना होता. मी व्यवस्थापनाला पंधरा दिवस मागितले, मिळाले सहा. सामन्यानंतर पाहुण्या प्रशिक्षकाने मैदानाला नावं ठेवली, आणि ती ऐकून घ्यायला मी उभा होतो.

आता संकरित गवत आलंय, नैसर्गिक पात्यांमध्ये कृत्रिम धागे खोलवर शिवलेले. त्याने पकड वाढते, पण ऊन आणि विश्रांती त्यालाही लागतेच. उंच छपराच्या सावलीत दिवे लावून गवत वाढवावं लागतं. आणि कृत्रिम मैदानावर ऐनवेळी हिरवळीचे गालिचे अंथरणं हा सगळ्यात वाईट उपाय. २०२४ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेत अटलांटाला तेच केलं होतं. अर्जेंटिना सलामीचा सामना जिंकली, तरी त्यांचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ मैदानावर चिडलाच. मुळं खाली रुजलेली नसतात, चेंडू कुठे मऊ, कुठे टणक उसळतो.

सायली_मिडफिल्ड:
अटलांटाचा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगा. त्याच सामायिक स्टेडियममध्ये एमएलएस या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगच्या २०१८ च्या अंतिम सामन्याला ७३,०१९ लोक होते. एवढी माणसं बसवणारं फुटबॉलचं स्वतंत्र स्टेडियम तिथल्या लीगमध्ये कोणाकडे आहे? उत्तरस्टँड, वातावरण जवळच्या खुर्चीने होतं तसं भरलेल्या खुर्चीनेही होतं.

शिकागो फायर हा क्लब तर तुमच्या म्हणण्यासारखं करून बसला होता. २००६ मध्ये ब्रिजव्ह्यू या उपनगरात वीस हजारांचं फक्त फुटबॉलचं स्टेडियम मिळालं. पण ते पडलं शहराबाहेर, लोकांना पोहोचणं जिकिरीचं. २०२० मध्ये क्लब परत सोल्जर फील्डवर आला, अमेरिकन फुटबॉलच्याच स्टेडियममध्ये. रेल्वेने सहज पोहोचता येणारं परकं मैदान मला दूरच्या हक्काच्या मैदानापेक्षा कधीही चालेल.

उत्तरस्टँड:
शिकागोचा मुद्दा मला लागला, खरंच. फक्त एक जोडतो: तोच क्लब आता शहराच्या मध्यभागाजवळ स्वतःचं स्टेडियम उभारायला निघालाय. चुकली होती ती जागा, घराची इच्छा नव्हे.

हिशेबनीस:
तंत्रज्ञानाचं नाव कोणी काढेना. लंडनच्या टॉटनहॅम क्लबाचं मैदान तीन तुकड्यांत सरकून स्टँडखाली जातं आणि त्याखालचं अमेरिकन फुटबॉलचं कृत्रिम मैदान उघडं होतं. दोन्ही खेळांना आपापली जमीन. गवतवाल्यांची तक्रारही मिटते.

गवतवाला:
तिथे मिटते. पण मैदान सरकवायची यंत्रणा झेपणारा क्लब मुळात गरजू नसतो. जपानमधल्या साप्पोरोच्या डोममध्ये २००१ पासून अख्खं नैसर्गिक मैदान हवेच्या दाबावर उचलून बाहेर उन्हात नेतात. सुंदर काम आहे, माझ्या धंद्यातल्या माणसाला भुरळ पडावी असं. तरी २०२३ मध्ये बेसबॉलचा संघ स्वतःच्या नव्या स्टेडियममध्ये निघून गेला, आणि वर्षातले सगळ्यात जास्त दिवस भरणारा भाडेकरूच गेला. सामायिक वास्तूचा हिशेब मांडताना 'दुसरा सोडून गेला तर?' हे कोणी विचारतं का?

काटकोन:
म्हणून करार महत्त्वाचा. कोणत्या तारखांवर पहिला हक्क कोणाचा, दोन सामन्यांमध्ये गवताला किती दिवस, जलसा ठेवायचा झाला तर हंगामात की हंगाम संपल्यावर, हे बांधकामाआधी लिहून घ्या. आणि वास्तुविशारदाला आधी गोलमागे उभं करा, मग त्याला आराखडा काढू द्या.

उत्तरस्टँड:
चौकोनी जोडीला मी 'हो' म्हणतो, रग्बीला सुद्धा, गवतवाले म्हणतात तेवढी विश्रांती लिहून दिली तर. ट्रॅकला नाही. लोक पॅरिसजवळचं स्टाड द फ्रान्स दाखवतात: १९९८ चं, ८० हजारांचं, खालचा पंचवीस हजारांचा भाग ट्रॅकवर पुढे सरकतो. राष्ट्रीय संघासाठी उत्तमच. पण इतक्या वर्षांत एकाही क्लबाने ते आपलं घर केलं नाही.

हिशेबनीस:
आणि तरी ते दर वर्षी रग्बी, फुटबॉल आणि जलशांनी गजबजलेलं असतं. मी माझ्या मतावर ठाम आहे. क्लबाला घर हवं असेल तर त्याने बांधावं, सार्वजनिक पैसा सगळ्या खेळांचा राहू द्या.