चिवड्यात तार निघाली, दुकानदार हात वर करतोय – तातडीने मदत हवी आहे

सेलूकर
परवा परभणीहून मक्याच्या चिवड्याचा अर्धा किलोचा पुडा आणला. संध्याकाळी खाताना आत तार निघाली. काल पदरचं भाडं घालून दुकानात गेलो तर मालक म्हणतो, "आम्ही नुसतं विकतो, माल वरून येतो, कंपनीला विचारा." वर गिऱ्हाईकांसमोर हसायला लागला. पैसे परत देतो म्हणाला, मी घेतले नाहीत. याला सोडायचं नाही. तक्रार कुठं करायची तेवढं सांगा. "बाहेरचं खायचंच कशाला" म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहावं, ते घरी ऐकायलोच.

गोदाकाठ
१९१५ ला फोन लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. माझ्या फ्रिजचं रडगाणं त्यांनीच मिटवलं.

रीळबाज
फोन-बिन सोडा. दुकानाच्या दारात उभं राहून व्हिडिओ काढा, तार क्लोजअपमध्ये दाखवा आणि टाका. रात्रीत परभणीभर होतंय. मालक स्वतः पाया पडत येईल.

तिसरी_पायरी
सेलूकर, आधी एवढं सांगा. बिल आहे का? पुडा कंपनीचा सीलबंद होता की दुकानदाराने भरून दिलेला? तार आणि उरलेला चिवडा कुठं आहे? कुणाला लागलं का? आणि तुम्हाला नेमकं काय हवंय: दुकानदाराला दंड, की तुम्हाला भरपाई? दोन्हींची दारं वेगळी आहेत. (लातूरला वकिली करतो, पण इथं फी नाही.)

सेलूकर
चिवड्याचं बिल कोण घेतं हो? फोनपे केलं होतं. पुडा सीलबंदच. तार आहे. चिवडा डब्यात ओतला होता, तो तसाच आहे. दोन्ही हवंय, दंड पण आणि भरपाई पण.

मोंढा_नाका
मी स्वतः किराणा दुकानदार आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. घरच्या घासणीची तार वाटीत पडते आणि लोक आमच्या अंगावर येतात. मागं एकाने आणलेलं झुरळ पुड्यापेक्षा ताजं होतं. सेलूकर भाऊंचं तसं असेल असं म्हणत नाही, पण दुकानदाराने तरी कशावर विश्वास ठेवायचा?

सेलूकर
घासणीची तार आणि ही तार यातला फरक मला कळतो. आमच्या घरी काथ्याने घासतात.

कढईकाका
तार कशी हाय ते कुणी इचारलंच नाही. आंबाजोगाईला हयात कढईपुढं गेली माझी. सांगा बरं, तार सरळ हाय का वाकडी? टोकाला आकडा हाय का? चपटी का गोल? अन् लोहचुंबक लावून बघा, चिकटती का.

सेलूकर
बोटाच्या दोन पेरांएवढी. गोल. एका टोकाला आकड्यासारखी वळलेली, दुसरं टोक तुटून अणकुचीदार झालंय. मधे काळपट तेल घट्ट बसलंय, नखाने निघत नाही. पोराच्या खेळण्यातलं चुंबक लावलं, चिकटत नाही.

कढईकाका
मग घासणी नव्हं. घासणीची तार पट्टीवानी चपटी अन् बारीक असती. ही जाळीच्या झाऱ्याची हाय. मका तळताना ढीगभर माल एका झाऱ्यात उचलायचा, कढईच्या काठावर आपटून तेल निथळायचं. आपटून आपटून कडेला गुंडाळलेली तार सुटती. आकडा हाय म्हणजे कडेचीच. अन् ते काळं तेल म्हणजे कढईत कैक घाणे तळून झालेली तार हाय, घरात पडलेल्या तारेवर तसलं तेल कुठून येणार? आमच्या उस्तादाचा नेम होता, रोज सकाळी झारा उजेडात धरून बघायचा अन् एक जरी तार हालली तर भंगारात. आता कोण बघतंय.
मोठ्या कारखान्यात मालावर चुंबक फिरवतेत, पण स्टीलची तार चुंबकाला दाद देत न्हाई. त्याला मेटल डिटेक्टरच लागतो. म्हणून मला शंका, हा माल कारखान्याचा नसावा.

तिसरी_पायरी
काका, हा मुद्दा लाखमोलाचा. सेलूकर, पुड्यावर छापलंय काय? कंपनीचं नाव, पत्ता, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, ग्राहक सेवेचा नंबर. जे असेल ते जसंच्या तसं लिहा.

ताई_हिंगोलीची
आमच्या बचत गटाचा मका चिवडा घ्या, भाऊ. मी स्वतः चाळून भरते. परभणीपर्यंत एसटीने पार्सल पाठवते. शेंगदाण्याची चटणी पण आहे.

रीळबाज
ताई, इथं तक्रार चाललीय, जाहिरात नाही 😂

ताई_हिंगोलीची
चांगला माल कुठं मिळतो हे सांगणं पण मदतच असते.

सेलूकर
कंपनीचं नाव नाही. पारदर्शक पिशवी, वरून बंद केलेली, त्यावर एक स्टिकर. स्टिकरवर "स्पेशल मका चिवडा", वजन, किंमत आणि खाली एफएसएसएआय नंबर. तारीख नाही. बॅच वगैरे काही नाही. आता पुढं?

तिसरी_पायरी
यालाच तुम्ही सीलबंद म्हणत होतात! ही सुट्या मालाची दुकानात भरलेली पिशवी दिसतेय. तो नंबर १४ आकडी असेल. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी, म्हणजे छोटा व्यावसायिक. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, फॉस्कॉस या परवान्यांच्या साईटवर नंबर टाका, कुणाच्या नावावर आहे ते दिसेल.

सेलूकर
२ ने सुरू होतोय. टाकला. त्याच दुकानाचं नाव आलं!! आणि मला म्हणतो कंपनीला विचारा.

मोंढा_नाका
नाव दुकानाचं आलं म्हणून तळलं पण त्यानेच असं होत नाही. बरेच जण तळलेला माल पोत्याने उचलतात आणि आपल्या पिशवीत भरतात. बाजाराची रीतच ती आहे.

तिसरी_पायरी
असेल रीत. कायद्याला फरक पडत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६, कलम ५४: खाद्यपदार्थात बाह्य वस्तू असेल तर बनवणारा, साठवणारा, विकणारा, कुणावरही १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. "आम्ही नुसतं विकतो" म्हणजे कबुलीच झाली. पोतं कुठून उचललं त्याची खरेदी पावती त्याने दाखवावी, मग अधिकारी तळणाऱ्यापर्यंत जातील. शिवाय पिशवीवर तारीख नाही, तो वेगळा दोष.

गोदाकाठ
एवढ्या कलमांत शिरण्यापेक्षा १९१५. मी सांगतोय ना.

तिसरी_पायरी
गोदाकाठ, १९१५ वाईट नाही, पण ते तक्रार समोरच्याकडे पाठवून तडजोड घडवतात. फ्रिजच्या कंपनीला नावाची भीती असते, ती ऐकते. पिशवीत चिवडा भरणारा दुकानदार त्यांच्या मेसेजला काय उत्तर देणार? दुकानात शिरून झारा बघायचा, नमुना घ्यायचा, तर तो अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे. म्हणजे अन्न व औषध प्रशासन, एफडीए.

गोदाकाठ
एफडीएवाले दिवाळीला खवा पकडायला निघतात, एरवी दिसतात का कुठं? अनुभवाचं बोलतोय.

बिनसाखर
खव्यावरून आठवलं, खव्यात भेसळ असेल तर घरी ओळखता येते. थोडा खवा पाण्यात उकळायचा, गार झाला की टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब. निळा झाला म्हणजे पिष्ट घातलंय. भूमकडचा चांगला खवा निळा होत नाही.

सेलूकर
खव्याचं कुणी विचारलं? एफडीएला कसं गाठायचं ते सांगा. परभणीच्या ऑफिसात जाऊ का?

तिसरी_पायरी
जा, लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्या. जायला जमत नसेल तर राज्याच्या एफडीएचा टोल फ्री १८००२२२३६५ आहे. किंवा "फूड सेफ्टी कनेक्ट" ॲपवर फोटोसकट टाका, तिथं तक्रार क्रमांक मिळतो. त्याआधी घरचं काम: तार धुवू नका, पुसू नका, काळं तेल तसंच राहू द्या, छोट्या स्वच्छ डबीत ठेवा. डब्यातला चिवडा परत त्या पिशवीत भरू नका. स्टिकर वाचता येईल असा पिशवीचा फोटो काढा. फोनपेच्या नोंदीत दुकानाचं नाव, तारीख, वेळ आहे, तोच तुमचा खरेदीचा पुरावा. आणि पुढच्या वेळी दहा रुपयांचं घेतलं तरी बिल मागा, २०२२ पासून बिलावर एफएसएसएआय नंबर छापणं बंधनकारक आहे.

रीळबाज
एवढं करेपर्यंत तो सगळा माल विकून मोकळा होतोय. व्हिडिओच बरा.

तिसरी_पायरी
टाका की, पण जे घडलं तेवढंच. "हा विष विकतो, याने लोक मारले" असलं काही जोडलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची नोटीस तुम्हालाच यायची. मग चिवडा बाजूला आणि तुम्ही कोर्टात.

गोदाकाठ
स्वतः प्रयोगशाळेत तपासून घेता येतं असं ऐकलंय. चिवडा तिकडंच द्या ना पाठवून.

तिसरी_पायरी
कलम ४० तसं म्हणतं, फी भरून ग्राहकाला तपासणी करून घेता येते. पण खरेदी करतानाच दुकानदाराला "हे मी तपासायला देणार" असं सांगावं लागतं. फोडलेल्या पिशवीला ते लागू होणार नाही.

मोंढा_नाका
आणि सांगून नवा पुडा घेतला तर त्यात तार निघायची थोडीच! चांगली निघेल तपासणी, आणि दुकानदार तोच कागद काचेत लावेल.

कढईकाका
हे खरं बोललात. तार शोधायची तर चिवडा नका तपासू, झारा तपासा. तुटलेला झारा भिंतीला टांगलेलाच आसतो. त्याची अन् तुमच्या तारेची जाडी जुळली की झालं.

सेलूकर
एकूण एफडीए. बरं. पण दंड सरकारजमा होणार, मला काय? वडिलांच्या दाढेची कॅप त्या तारेने निघाली, दंतवैद्याने नवी बसवायची म्हणून सांगितलंय. ते पैसे कोण देणार?

ताई_हिंगोलीची
अगं बाई! वडिलांना लागलं? हे आत्ता सांगायलात?

तिसरी_पायरी
कुणाला लागलं का, हे मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं हो. यानं सगळं चित्र बदलतं. त्याच कायद्याच्या कलम ६५ मध्ये इजेची भरपाई आहे. मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. खरेदीची रक्कम एवढी लहान असताना तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मुदत घटनेपासून २ वर्षं. आयोगाला वाटलं तर वस्तू स्वतः प्रयोगशाळेत पाठवतो. दंतवैद्याकडून तारखेसकट लिहून घ्या: कशाने निघाली, काय करावं लागलं, किती खर्च. जुनी कॅप फेकू नका.

सेलूकर
दंतवैद्य "तारेमुळे" असं लिहून द्यायला तयार नाही. म्हणतो मी खाताना बघितलं का?

तिसरी_पायरी
बरोबर आहे त्याचं. "चिवडा खाताना तार लागून कॅप निघाल्याचे रुग्णाने सांगितले" एवढं केसपेपरवर लिही म्हणावं. त्याला कुणी ना म्हणत नाही. बाकी वडील शपथपत्रावर सांगतील, वयस्क माणसाचं ऐकतात.

मोंढा_नाका
दुकानदार म्हणून शेवटचं सांगतो. आधी त्याला एक लेखी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. दाढेचा खर्च मागा, मुदत द्या. नोटीस आली की आमच्यातले निम्मे खर्च देऊन मोकळे होतात, आयोगाच्या तारखा कुणाला परवडतात? पण तोंडी "सोडणार नाही" म्हणत दुकानात परत जाऊ नका. तिथं भांडण झालं की तोच पोलिसात जाईल.

गोदाकाठ
दरवर्षी २४ डिसेंबरला तहसीलमध्ये ग्राहक दिनाची भाषणं होतात, त्यात यातलं एक अक्षर कुणी सांगत नाही.

सेलूकर
ॲपवर टाकली, नंबर आलाय. सोमवारी परभणीत अर्ज देतो आणि तिथूनच नोटीस टाकतो. नोटिशीचा नमुना कुणाकडं आहे का? मराठीतच पाहिजे, एका पानात. तार डबीत ठेवलीय, पण अधिकारी मागेल तर देऊन टाकायची का?

तिसरी_पायरी
द्या, पण मोकळ्या हाताने नाही. आधी शेजारी मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. देताना पंचनामा किंवा निदान पावती घ्या, त्यात तारेचं वर्णन हवं: लांबी, आकडा, काळं तेल. ते दुकानात जातील तेव्हा येऊ का म्हणून विचारा, आणि झारा बघा म्हणून काकांचा मुद्दा अर्जातच लिहा. नमुना रात्री टाकतो.

बिनसाखर
पनीरला पण आयोडीन चालतं का, कुणी करून बघितलंय?