तीन महिन्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, ॲनिमोन आणू का?

कोथरूडची_मासोळी
नमस्कार मंडळी. गणपतीनंतर खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली. तीन फुटी, साधारण १८० लिटर. दोन क्लाउन मासे आहेत, मजेत खातात-पितात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास, पाण्याची घनता १.०२४. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं वापरते.
लेकीनं धोसरा काढलाय की माशांना "त्यांचं झुडूप" पाहिजे, म्हणजे ॲनिमोन (समुद्रफूल; दिसतं झुडपासारखं, पण प्राणी आहे, समुद्रात क्लाउन त्यातच राहतात). दुकानात एक पांढराशुभ्र ॲनिमोन बघून आलो, टोकांना किंचित जांभळी झाक आहे. दुकानदार म्हणतो दुर्मीळ रंग आहे, लगेच सोडला तरी चालेल. आणू का? आणि त्याला खायला काय घालायचं?

खारट_काका
ताई, तो पांढरा मुळीच आणू नका. तो दुर्मीळ रंग नाही, आजारपण आहे. या ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. तपकिरी रंग असतो तो या शैवालाचाच. प्रवासात, अंधारात किंवा तापलेल्या पाण्यात ॲनिमोन ते बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई बंद. अनुभवी माणूस त्याला महिनोन्‌महिने भरवून परत रंगात आणू शकतो, पण तीन महिन्यांच्या टाकीत ते जमायचं नाही. भडक पिवळाधमक दिसला तर तोही सोडा, तो बऱ्याचदा रंगात बुडवलेला असतो.

भरतीओहोटी
काकांना +१. एक उपप्रश्न. क्लाउनसाठीच आणताय ना? मग घाई कशाला? घरच्या टाकीत क्लाउनला ॲनिमोनवाचून काही अडत नाही. त्याला खाणारं तिथे कुणी नसतं. माझी जोडी दोन वर्षं बबल टिप जातीच्या ॲनिमोनच्या शेजारी, हीटरच्या मागच्या कोपऱ्यात झोपायची. ॲनिमोनकडे ढुंकून बघितलं नाही.

कोथरूडची_मासोळी
हे लेकीला कोण सांगणार 🙂 पण मग आणायचाच झाला तर कोणता आणि कधी?

खारट_काका
बबल टिप. टोकांना छोटे फुगे येतात तो. (तुमचे क्लाउन ऑसेलॅरिस जातीचे असतील. समुद्रात ते याच्यात राहत नाहीत, मॅग्निफिका आणि मोठ्या कार्पेट जातींच्या ॲनिमोनमध्ये राहतात, पण घरी बहुतेक वेळा बबल टिप चालवून घेतात.) मॅग्निफिका दिसतो देखणा, पण तो नवशिक्याचा नाही. आणि टाकी वर्षाची होऊ द्या, निदान आठ-नऊ महिन्यांची तरी. आकडे आज बरोबर असणं वेगळं आणि सहा महिने तेच राहणं वेगळं. नव्या टाकीत क्षारता, नायट्रेट, शेवाळ सगळं वर-खाली होत असतं. मासा ते पचवतो, ॲनिमोन नाही.

दर्याकिनारी
माझी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कुणाचं तरी वाचेल. बबल टिप आणला, छान बसला, फुगला. पंधरा दिवसांनी लग्नासाठी चार दिवस सांगलीला गेलो. यांना पाय असतात हे मी विसरले होते. जागा आवडली नाही की हे चालतात, बहुधा रात्री. हा चालत चालत थेट पॉवरहेडच्या (टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीत गेला. परत आलो तेव्हा दारातच वास आला, बंद फ्रिजमध्ये कोळंबी राहिल्यावर येतो तसा. पाणी ताकासारखं, आणि चारही मासे गेलेले. मेलेला ॲनिमोन कुजताना एवढा अमोनिया सोडतो की छोट्या टाकीत मासे तग धरत नाहीत.
तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: आधी प्रत्येक पंपाच्या तोंडाला स्पंज नाहीतर बारीक जाळी, मग ॲनिमोन. स्पंज आठवड्याला धुवावा लागतो, कटकट आहे. करा.

मीठभाकर
धागाकर्तीच्या विषयाला धरूनच विचारतो. टाकीसाठीचं मीठ केवढं महाग आहे! जुहूहून कॅन भरून पाणी आणलं तर?

खारट_काका
पावसाळ्यात त्यात निम्मं गोडं पाणी असतं आणि उरलेल्या आठ महिन्यांत काय असतं ते विचारू नका.

भरतीओहोटी
आणि पाण्याबरोबर समुद्रफुलंही उचलून आणू नका, लोक आणतात. मोठ्या ओहोटीला हाजीअलीच्या खडकांवर ती डबक्यांत दिसतात, तिथेच बघा. प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, किनाऱ्यावरचा तुकडासुद्धा पिशवीत टाकायचा नाही.

जुनी_बरणी
थोडं विषयांतर. एडिनबर्गला एक समुद्रफूल होतं, सगळे त्याला 'ग्रॅनी' म्हणत. १८२८ साली जॉन ग्रॅहम डॅलियल यांनी ते नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. १८५१ मध्ये डॅलियल वारले. आजीबाई पुढच्या हातांत गेल्या आणि १८८७ पर्यंत जगल्या. ना स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), ना एलईडी! थंड पाण्यातली ती जात, अंगात शैवालही नसतं, त्यामुळे उजेडाचं आपलं गणित तिला लागू नाही. पण बरणीतलं समुद्राचं पाणी कुणी ना कुणी नेमानं बदलत राहिलं, साठ वर्षांच्या आसपास. मालक बदलले तरी.

कोथरूडची_मासोळी
आजीबाई आवडल्या! काल टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणला. माझ्या आरओचं पाणी ३८ दाखवतंय. चालेल ना?

खारट_काका
पिण्याला उत्तम, टाकीला नाही. घरच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं नळाचं पाणी परत मिसळतात. पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढणारा) डबा लावा आणि ० आलं की वापरा. दुसरं, बाष्प होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानं भरायची, खाऱ्या नाही. हे चुकल्यानं घनता चढत गेलेल्या टाक्या मी पाहिल्यात. तुमची १.०२४ आहे ती हळूहळू १.०२५-२६ वर न्या, एका दिवसात नको.

दर्याकिनारी
उन्हाळ्याचं कुणी बोललं नाही. पाणी २५ ते २७ अंशांत हवं. पुण्यात एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर छोटा पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात (घट वाढते, काकांचं वरचं वाचा). मुंबईच्या दमट हवेत हे चालत नाही, तिथे चिलरच. आणि वीज गेली तर एक पंप तरी इन्व्हर्टरवर असू द्या.
खाणं: मीठमसाला न लावलेली कच्ची कोळंबी, नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा. लाडानं मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी ओकून टाकतो.
दुकानात बघताना तोंड घट्ट मिटलेलं हवं आणि पाऊल कुठेही फाटलेलं नको. पाऊल फाटलेला सहसा जगत नाही. म्हणून काचेला चिकटलेला नखानं ओरबाडून काढू देऊ नका. घरी दोन दगडांच्या फटीत ठेवा, पाऊल सावलीत आणि डोकं उजेडात, आणि तासभर प्रवाह बंद. रात्री लिबलिबीत गोळा झाला तर घाबरू नका, घाण टाकून परत फुगतो. पण तोंड दिवसभर उघडं राहून वास यायला लागला की थांबायचं नाही, बाहेर.

कोथरूडची_मासोळी
सगळ्यांचे आभार. आज दुकानात गेले होते. तो पांढरा तिथे नव्हता, विचारायचा धीर झाला नाही. तपकिरी नाहीतर हिरवा बबल टिप पावसाळ्यानंतर लागेल असं सांगून ठेवलंय. रेझिन आणि दोन स्पंज घेऊन आले.
जाता जाता: दगडाच्या फटीत गेल्या आठवड्यापासून एक तपकिरी, काचेसारखं पारदर्शक, बोटाच्या पेराएवढं झुडूप उगवलंय. लेक खूश आहे. फुकटात ॲनिमोन मिळाला का?

खारट_काका
मिळाला, पण नको तो. एप्टेशिया म्हणतात त्याला, तणासारखा पसरतो. सुरीनं खरवडू नका, तुकड्यातुकड्यातून नवा उगवतो. पेपरमिंट कोळंबी मिळते का बघा, ती खाते. आणि लेकीला अजून नाव ठेवू देऊ नका.

कोथरूडची_मासोळी
उशीर झाला काका. 'पिंकी'.