शनिवारच्या शाळेला माणसं हवीत

ए-२०४ (शाळा समिती)
नमस्कार मंडळी. काल शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली, त्याचं सांगते. मेसेज लांब आहे, पण जेवण झाल्यावर का होईना, नक्की वाचा.

आपल्या मागच्या गल्लीतल्या प्राथमिक शाळेत या सोसायटीतली मोजकीच मुलं जातात. पण आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची आणि वॉचमन मामांची पोरं तिथंच शिकतात, त्यामुळं ती शाळा आपलीच समजते मी. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. आमच्या समितीत त्या नुसत्या सहीपुरत्या नाहीत, बोलतात.

आधी बातम्या. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे. यंदा त्या दिवशी भाषणं कमी ठेवून आयांनी मुलांसमोर एकेक पान वाचून दाखवायचं ठरलंय. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी गोष्ट सांगायची. १२ जानेवारीला चौथीची मुलं चार हुतात्मा चौकात जाणार. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १९३१ साली त्याच तारखेला येरवड्यात फाशी दिली, हे मुलांनी पुतळ्यांसमोर उभं राहून ऐकावं असं बाईंचं म्हणणं. मग गड्डा आहेच, आपल्या सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. तिसरीची मुलं नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीचा नकाशा काढायलेत. सात नंदीध्वज कुठून निघतात, कुठं वळतात, आपलं घर त्या वाटेपासून कुठल्या दिशेला, असं सगळं. माझी लेक रात्री आजोबांना विचारून विचारून भंडावून सोडते.

आता मुद्द्याचं. शनिवारी दप्तर न आणता शिकायचे तास असतात, आनंददायी शनिवार म्हणतात त्याला. शाळेत शिक्षक कमी. दर शनिवारी नवीन काय करायचं, हा त्यांच्यापुढं प्रश्न. बाईंनी पैसे मागितले नाहीत. त्यांना माणसं हवीत. आपल्या हातात जे काम आहे ते एक तास येऊन मुलांना दाखवायचं. कोण काय दाखवू शकेल, इथं लिहा.

सचिव
चांगला विषय. मेंटेनन्सची चर्चा दुसऱ्या ग्रुपवर न्या, इथं आज शाळेचंच चालू द्या.

बी-३०३
मी येते. मला शिकवायचं माहीत नाही, पण ज्वारीचं सगळं माहीत आहे. आमचं रान मंगळवेढ्याकडं. पेरणी कधी, कणीस कधी भरतं, हुरडा कधी होतो, कडबा कुणाला घालतात. आत्ता कणसं मिळतील, ताजी आणते.

ए-२०४ (शाळा समिती)
अक्का, एकदम हवंय. मागं परसबाग आहेच, पोरांनी तिथं मेथी लावलीय.

ए-४०१
सगळं छान आहे, पण एक बोलू का? तिसरी-चौथीच्या मुलांचं वाचन अजून अडखळतंय, हे शाळेनंच मागच्या बैठकीत सांगितलं होतं. हुरडा आणि नकाशे करत बसलो तर पाढे कधी होणार? स्कॉलरशिपच्या परीक्षेत कणीस विचारत नाहीत. माझा पुतण्या तिथंच आहे, म्हणून काळजीनं विचारतोय.

ए-२०४ (शाळा समिती)
भाऊजी, काळजी बरोबर आहे. म्हणूनच पाढे आणि हिशेब या तासांतच आणायचेत. एक सांगते. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात. बाई सकाळी हजेरी फळ्यावर लिहितात आणि मुलांना विचारतात, आज किती तांदूळ? समजा ८४ हजर, तर ८ किलो ४०० ग्रॅम. आधी हे गणित वर्गातल्या दोघांनाच यायचं. आता बहुतेकांना येतं, कारण स्वतःच्या ताटातलं आहे. ग्रॅमचे किलो कधी करायचे, हे धडा येण्याआधीच कळलं त्यांना.

सी-३०२
मी टाईप करतेय, पण बोलतायत आमचे मामंजी. ते म्हणतात, चादरी विणायच्या मागाचं मी दाखवतो.

सचिव
अण्णा! वा. पण कारखान्यात न्यायचं का पोरांना?

सी-३०२
मामंजी नको म्हणतात. चालत्या यंत्रमागाजवळ लहान पोरं नकोत. आडवा धागा नेणारा धोटा उडाला तर डोक्यात बसतो, आणि त्या आवाजात काय सांगितलं तरी ऐकू येत नाही. पूर्व भागात ज्यांच्या घरातच माग आहेत त्यांच्या पोरांना हे माहीत असतं, बाकीच्यांना नसतं. त्यापेक्षा नक्षीची जुनी पंचकार्डं, म्हणजे भोकं पाडलेले पुठ्ठे, शाळेत आणतो म्हणतात.

पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते. पोरांनी चौकडीची वही आणायची. चादरीवरचं मोर असो की फूल, आधी ते असंच चौकटींत काढतात. भरलेली चौकट म्हणजे तिथं उभा धागा वर, रिकामी म्हणजे खाली. मग कागदावरच्या एकेका आडव्या ओळीचं एक पुठ्ठ्याचं कार्ड पाडतात. कार्डाला जिथं भोक आहे तिथं मागावरच्या जेकार्ड यंत्राची सुई आत जाते, हूक जागेवर राहतो आणि धागा उचलला जातो. भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते, हूक बाजूला होतो, धागा खालीच राहतो. तेवढ्यात धोटा आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जातो. की पुढचं कार्ड. कार्डं दोरीनं ओवून त्यांची माळ केलेली असते. माळ फिरून पहिल्या कार्डावर आली की तेच फूल पुन्हा सुरू.

आता बऱ्याच ठिकाणी हे कॉम्प्युटरवर गेलंय. पण कार्ड हातात घेतलं की समजतं, असं त्यांचं म्हणणं.

सी-२०१ (पुण्याहून)
अण्णांना नमस्कार सांगा. मी कॉम्प्युटरमध्येच आहे, म्हणून भर घालतो. हे यंत्र जेकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास केलं. चार्ल्स बॅबेजनं स्वतः चालणाऱ्या गणनयंत्राचा आराखडा केला, तेव्हा सूचना देण्यासाठी भोकांच्या कार्डांची कल्पना या मागावरूनच घेतली. भोक आहे किंवा नाही, दोनच शक्यता. आम्ही आजही तेच करतो. सोलापूरच्या पोरांना कोडिंग शिकवायला महागडा क्लास नको, अण्णांची कार्डं पुरेत. चौकटींचे कागद मी इथून छापून पाठवतो, मोठ्या चौकटींचे, पहिलीच्या मुलांनाही भरता येतील असे.

ए-४०१
हे मला माहीत नव्हतं. आणि यात गुणाकार आहेच की. एक फूल २४ चौकटींचं असेल तर ९६ चौकटींत किती बसतील? अर्धं फूल काढून दिलं आणि उरलेलं मुलांनी आरशासारखं पूर्ण केलं, तर सममिती झाली. हे प्रश्न मी काढून देतो. तिसरीचे वेगळे, चौथीचे वेगळे.

ए-२०४ (शाळा समिती)
भाऊजी, यापेक्षा चांगलं काय हवं! बाईंना कळवते. घरची सोलापुरी चादर आणायला सांगू मुलांना. उलटसुलट करून बघतील. या बाजूला जो रंग नक्षीचा, तो मागच्या बाजूला जमिनीचा, म्हणजे नक्षीभोवतीच्या कापडाचा, होतो. असं का होतं, ते अण्णांनाच विचारतील.

सी-३०२
एक अडचण आहे. मामंजींचं मराठी तेलुगूमिश्रित आहे. रंगात आले की पूर्ण तेलुगूच बोलतात. मुलांना समजेल का, अशी त्यांना शंका आहे. म्हणून ते थोडे मागं सरकायलेत.

ए-२०५
खरं सांगायचं तर शाळा मराठी माध्यमाची आहे. पोरांच्या कानावर मराठीच पडायला हवं. नाहीतर ती मराठी शिकणार कधी?

बी-१०१ (गुरुजी)
ताई, यावर मी जरा सविस्तर लिहितो. उभा जन्म पहिली-दुसरीच्या वर्गात गेला माझा, अक्कलकोटच्या पट्ट्यात आणि नंतर शहरात.

आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतली मुलं एका बाकावर बसतात. पहिलीत येणाऱ्या तेलुगू घरच्या मुलाला आकडे येत असतात. दुकानातून सुटे पैसे मोजून आणतं ते. पण वर्गात ‘पंचवीस लिही’ म्हटलं की थांबतं. कारण त्याच्या घरी ‘इरवै ऐदु’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’. म्हणजे आधी वीस, मग पाच. लिहितानाही आपण आधी २, मग ५ लिहितो. मराठीत मात्र पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहून मोकळं होतं. मराठी घरचीही लिहितात. एकोणतीस तर त्याहून अवघड. त्यात नऊ कुठं ऐकूच येत नाही. इकडं तेलुगूत सरळ ‘इरवै तोम्मिदि’, वीस आणि नऊ.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं जोडून वाचायची पद्धत दिली होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. पंचवीस पुसून टाका असं त्या म्हणतच नव्हत्या. मुलाला संख्येची रचना कळावी म्हणून तो एक जास्तीचा आधार होता. मला तेव्हाही तो पटला होता आणि आजही पटतो. माझ्या वर्गात मी तेलुगू मुलाला त्याच्या भाषेत मोजू द्यायचो. काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे, पाच सुट्या. मग अंक. मग मराठी नाव. ज्याला घरच्या भाषेत संख्या कळलीय त्याला मराठी नाव पाठ करायला वेळ लागत नाही. ज्याला संख्याच कळली नाही तो नुसती नावं घोकतो आणि तिसरीत वजाबाकीला अडतो.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब यावा, हेच केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्ट आहे. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानं शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आधार घ्यायला सांगितलंय. मराठी तर यायलाच हवं ताई, त्यात दुमत नाही. घरच्या भाषेतून गेलं की मूल तिथं लवकर पोचतं, एवढंच माझं म्हणणं.

सी-२०१ (पुण्याहून)
आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्या पुरस्काराच्या घोषणेतच म्हटलं होतं की मुलांची घरची भाषा कन्नड असल्यानं त्यांनी पुस्तकं त्यांच्या भाषेत आणली आणि त्याला क्यूआर कोड जोडले. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली, हे सगळ्यांना माहीत आहे. कन्नडचा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही.

बी-३०३
आमच्या घरी कन्नडच. मी मराठी शाळेत शिकले, पहिलं वर्ष कोपऱ्यात बसून काढलं. बाई ओरडायच्या नाहीत, पण मला काय येतं ते कुणी विचारलंही नाही. अण्णांनी तेलुगूतच बोलावं. मी ज्वारीचं निम्मं कन्नडमध्ये सांगणार.

ए-२०५
गुरुजी, आकड्यांचं पटलं. माझी एवढीच विनंती आहे की सांगून झाल्यावर मुलांनी ते मराठीत लिहावं, चार ओळी का होईना. म्हणजे दोन्ही होईल.

बी-१०१ (गुरुजी)
उत्तम सूचना. आणि पहिली-दुसरीच्यांनी चित्र काढून खाली एक वाक्य.

ए-२०४ (शाळा समिती)
सी-३०२ वहिनी, अण्णांना सांगा की वर्गात तेलुगू बोलणारी मुलं भरपूर आहेत. त्यातली एक पोरगी तर वर्गात तोंड उघडत नाही, पण मैदानात सगळ्यांना हुकूम सोडते. अण्णा जे बोलतील ते बाकीच्यांना मराठीत तिनं सांगायचं, असं बाईंनी आत्ताच सुचवलंय. बाईंना फोन केला मी मधल्या सुट्टीत.

सी-३०२
मामंजी हसायलेत. येतो म्हणतात. त्या पोरीला शेजारी बसवा म्हणतात.

डी-१०२
मी पक्ष्यांचे फोटो काढतो. नान्नजच्या माळरानावर मुलांना न्यायला तयार आहे. माळढोक पक्षी आता दिसणं अवघड, खूप कमी उरलेत, त्यामुळं तसा शब्द मुलांना देणार नाही. काळवीट मात्र दिसतील. गवत, टोळ, भोरड्या, हे सगळं दाखवण्यासारखं आहे. पण उन्हाळ्याआधी जायला हवं, मार्चनंतर आपल्याकडं पोरांना उघड्या रानात नेणं बरं नाही.

सचिव
नान्नजसाठी वनविभागाची परवानगी आणि बस दोन्ही लागेल. बसचं आपण सोसायटीतर्फे बघू, पुढच्या मीटिंगला विषय घेतो.

वॉचमन मामा
माजा पोरगा हितंच तिसरीत हाय. मला दोरीच्या गाठी येत्यात, शिड्या बांधायचं काम केलंय आधी. चालंल का?

ए-२०४ (शाळा समिती)
मामा, चालंल काय विचारता! दोरी किती लागेल ते सांगा, तुमच्या तासाची मुलं वाट बघतील. ड्यूटीची वेळ मात्र सचिवांनी सांभाळून घ्यावी.

सचिव
मामा, तुम्ही खुशाल जा. तेवढा एक तास गेटवर मी बसतो.

ए-२०४ (शाळा समिती)
मग असं ठरवते. या शनिवारी अण्णा, सोबत वहिनी. पुढच्या शनिवारी अक्का आणि हुरडा. त्यानंतर मामा. ए-४०१ भाऊजी, तुमचे प्रश्न गुरुवारपर्यंत मिळाले तर बाई बघून ठेवतील. ए-२०५ ताई, मुलं जे लिहितील ते तपासायला तुम्ही याल का? तुमचं अक्षरही सुंदर आहे, फळ्यावर दोन ओळी लिहून द्याल.

ए-२०५
येते. लाल पेन घेणार नाही, पेन्सिलीनं खूण करीन.

सी-३०२
कार्डं मिळाली. मामंजींच्या चुलतभावाच्या कारखान्यात माळ्यावर पडून होती. धुळीनं भरलीत, मी पुसून ठेवते. पण अख्खी माळ फार जड आहे, शिवाय एक रिकामा धोटा आणि सुताच्या कांड्यांची टोपली. स्कूटीवर जमणार नाही. कुणाची चारचाकी मोकळी आहे का?

ए-४०१
माझी घ्या. सकाळी सातला खाली उभा राहतो, अण्णांना पुढच्या सीटवर बसवा.