ऑफिसची दिवाळी: मेळघाटात वाटप करण्याआधी आपल्या मावशींचा बोनस बघा

अंजनगावकर:
अंजनगाव सुर्जीकडच्या एका बँक शाखेत मी नोकरीला आहे. धनत्रयोदशीच्या आधी माणशी हजार रुपये वर्गणी निघते. त्यातून लायटिंगच्या माळा, तोरणं, कंदील येतात. उरलेल्या पैशात फराळाची पाकिटं घेतो, घरोघरचे जुने कपडे गोळा करतो आणि गाडी भरून मेळघाटातल्या एखाद्या गावात वाटून येतो. बॅनरसमोर फोटो, संध्याकाळी परत.

माझं म्हणणं, हे वाटप बंद करा. आपल्याच शाखेत झाडपूस करणाऱ्या मावशी आणि रात्रीचे चौकीदार ठेकेदारामार्फत लागलेत. त्यांना दिवाळीला एक रुपया बोनस मिळत नाही. वीस किंवा जास्त माणसं कामावर ठेवणाऱ्याला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो आणि वर्षात ३० दिवस काम केलेला माणूसही त्यात बसतो. ठेकेदाराला यातून सूट नाही. आपण घाट चढून दान करतो आणि दारातलं देणं थकवतो. मला हे सहन होत नाही.

परतवाड्याची वहिनी:
बोनस द्यायलाच पाहिजे. पण त्यासाठी वाटप काऊन बंद करायचं? चिखलदऱ्याकडची थंडी दिवाळीनंतर काय असते ते तिथं रात्र काढली की कळते. आमचा महिला गट दरवर्षी ब्लँकेट नेतो. आणि तुमच्या तालुक्यातलंच शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव ना? भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र हे त्यांनीच सांगितलं.

अंजनगावकर:
वहिनी, गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, गाव झाडायचे, मगच भाकर खायचे. ज्यांच्या हाती आज खराटा आहे त्यांचा मोबदला बुडत असेल, तर बाबांचं नाव घेऊन आपण फराळ कसा वाटायचा?

धारणीचा मास्तर:
मी मेळघाटात कोरकू आदिवासींच्या गावातल्या शाळेत शिकवतो. माझाही वाटपाला विरोध आहे, पण कारण वेगळं. कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळी. कामासाठी खाली गेलेली माणसं होळीला घरी येतात. दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरांची माणसं कापूस वेचायला आणि सोयाबीन काढायला बाहेर असतात. तुमची गाडी येते तेव्हा गावात म्हातारे आणि लेकरं.

कपड्यांचं तर बोलूच नये. चेन तुटलेल्या पँटी, लग्नातले जरीचे ब्लाउज, एका पायाचे मोजे. शाळेच्या ओट्यावर ढीग पडतो आणि तो आम्हीच जाळतो. लेकरांना रांगेत उभं करून फोटो काढतात तेव्हा पाचवीतली मुलगी मान खाली घालते, हे मी पाहिलंय. द्यायचंच असेल तर आधी विचारा. चपला, दप्तरं, पाण्याची टाकी, गरज दर गावाची वेगळी. आणि सजावट हवी तर इथल्याच लवादा गावातल्या बांबू केंद्रातून वस्तू घ्या. तिथं कोरकू कारागिरांच्या हाताला काम मिळतं.

दर्यापूरचा कास्तकार:
वाटपासंगं सजावटबी बंद करा असं कोनी म्हनत असन, त त्याले माह्या विरोध हाय. मी शेतकरी मानूस. बँकेत पाय ठेवाले भेव वाटते. दारात रांगोळी दिसली त जरा बरं वाटते. झेंडू आमीच पिकवतो. दसरा-दिवाळीले भाव भेटला त भेटला, मंग वावरातच सडते. थर्माकोल आन् बाहेरच्या माळा बंद करा, फुलं नोका बंद करू.

वरुडकर:
कास्तकार भाऊ, थर्माकोलच्या सजावटीला तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, तरी कार्यालयांत तो दिसतो. पण माझा आक्षेप झगमगाटावरच. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटलेत आणि माणूस कर्जाचं नवं-जुनं करायला हात जोडून शाखेत आलाय. त्याच्यासमोर हजारो रुपयांची लायटिंग कशाला?

दर्यापूरचा कास्तकार:
आमाले दुख हाय म्हनून तुमी अंधारात बसा, असं आमी कवाच म्हनलं नाही.

निवृत्त मॅनेजर, अमरावती:
अंजनगावकर, एक सांभाळा. वर्गणीतले पैसे मावशींच्या हातावर ठेवाल तर तेही दानच होईल आणि ठेकेदार सुटेल. त्याचं बिल मंजूर करताना बोनस दिल्याचा सहीचा कागद मागा. कागद नसेल तर बिल अडवा. मी नोकरीत असताना तसंच करत होतो. पहिल्या वर्षी ठेकेदार भांडला, दुसऱ्या वर्षी कागद आपणच घेऊन आला.

अंजनगावकर:
हे सगळं पत्रात लिहून उद्याच मॅनेजरसाहेबांसमोर ठेवतो. वर्गणी यंदा माणशी दोनशे करा, तीही फुलांपुरती, असंही लिहितो.

परतवाड्याची वहिनी:
तुमच्या शाखेचं तुम्ही ठरवा. आमचे ब्लँकेट मात्र दिवाळीलाच जातील, थंडी होळीची वाट पाहत नाही. जुने कपडे यंदा नेणार नाही. मास्तर, तुमच्या गावात किती घरं आहेत आणि म्हातारी माणसं किती, तेवढं कळवा. बॅनर नसेल.

धारणीचा मास्तर:
ग्रामसभेत विचारून यादी पाठवतो. फोटोही नको, वहिनी.