आरडीईवर २०% पीटी/सीचा लिमिटिंग करंट ४.६ वरच अडकतोय

ओआरआर_पुणे

नमस्कार. ओआरआरसाठी (ऑक्सिजनचं विद्युत-रासायनिक क्षपण) नवा प्लॅटिनम-कोबाल्ट कॅटॅलिस्ट आरडीईवर (फिरत्या चकतीच्या इलेक्ट्रोडवर) तपासायचा आहे, पण तुलनेसाठी आणलेला बाजारातला २०% पीटी/सीच (कार्बनवर बसवलेलं प्लॅटिनम) धड आकडे देत नाही. ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्ल, २५ अंश, १६०० आरपीएम, ५ मिमी व्यासाची ग्लासी कार्बन चकती (०.१९६ चौ.सेंमी.). लिमिटिंग करंट (ऑक्सिजन चकतीपर्यंत पोचण्याच्या वेगाने ठरणारा कमाल करंट) ४.६ मिलिअँपिअर प्रति चौ.सेंमी., तोही सपाट नाही, तिरका. हाफ-वेव्ह (करंट त्याच्या निम्मा होतो ते पोटेन्शियल) ०.८३ व्होल्ट.

इंक (चकतीवर टाकायचं मिश्रण): ५ मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट, १ मिली आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), ५% नाफिऑन (थर धरून ठेवणारं पॉलिमर) ५० मायक्रोलिटर. त्यातले ५ मायक्रोलिटर चकतीवर टाकून दिव्याखाली वाळवले. रेफरन्स इलेक्ट्रोड एजी/एजीसीएल (चांदी/सिल्व्हर क्लोराइड), थेट सेलमध्ये. आकडा सूत्राने आरएचईत (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापात) बदलला. ऑक्सिजन १० मिनिटं सोडला. चूक नेमकी कुठे?

थर_पातळ

तिरकं पठार (लिमिटिंग करंटचा पट्टा) म्हटलं की आधी थर बघा. चकती भिंगाखाली धरा: कडेला काळी जाड कडी आणि मधे राखाडी, विरळ डाग दिसत असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. दिव्याखाली आयपीए झपाट्याने उडतं आणि कण कडेला ओढले जातात. मधला उघडा कार्बन आम्लात ऑक्सिजनला जवळजवळ हात लावत नाही, त्यामुळे करंट पडतो.

इंकही फार घट्ट आहे. तुमच्या मापाने ५ मायक्रोग्रॅम पीटी, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम प्रति चौ.सेंमी. आणि नाफिऑन कार्बनच्या निम्म्याहून जास्त. असं करून बघा: ७.५ मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट, त्यावर आधी ३.८ मिली पाणी, मग १.२ मिली आयपीए, शेवटी २० मायक्रोलिटर नाफिऑन. कोरड्या पीटी/सीवर थेट अल्कोहोल ओतू नका, ठिणगी न लागताही पेट घेतं. बर्फाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी ढवळा). बाथ तापला की कण पुन्हा गोळा होतात. चकतीवर १० मायक्रोलिटर टाका, म्हणजे ३ मायक्रोग्रॅम पीटी. शाफ्ट उलटा धरून ७०० आरपीएमवर फिरता ठेवूनच वाळवा, दिवा नको.

मग नायट्रोजनमध्ये सीव्ही (पोटेन्शियल वर-खाली फिरवून करंटचा आलेख) काढून हायड्रोजनचा चार्ज मोजा. ग्रॅमला ६५-७० चौ.मी. धरले तर सुमारे २ चौ.सेंमी. पीटी, आणि चौ.सेंमी.ला २१० मायक्रोकूलंब या हिशोबाने ४२० च्या आसपास यायला हवेत. निम्मेच आले तर थर सुटलाय किंवा इंक फुटलीय. असा थर पुसून नवा घाला, त्यावर ओआरआर घेण्यात अर्थ नाही.

क्लोराइड_नको

थराबद्दल वरचं सगळं मान्य, पण ०.८३ चा दोष माझ्या मते रेफरन्सचा आहे. एजी/एजीसीएलच्या फ्रिटमधून (टोकाच्या सच्छिद्र बुचातून) क्लोराइड पाझरतं, पीटीच्या जागा अडवतं आणि पेरॉक्साइड वाढवतं. पीटीला अगदी थोडं क्लोराइडही सोसत नाही. शिवाय आतलं पोटॅशियम बाहेरच्या पर्क्लोरेटला भेटलं की पोटॅशियम पर्क्लोरेटचा साका बसतो. फ्रिटवर पांढरी पूड दिसते का बघा. फ्रिट तुंबला की पोटेन्शियल भटकतं, मग सूत्राने काढलेला आरएचई काय कामाचा!

आरएचईच वापरा, किंवा मर्क्युरी-मर्क्युरस सल्फेट सॉल्ट ब्रिजमधून. कुठलाही असला तरी हायड्रोजन सोडून, पीटीवर १ मिलिव्होल्ट/सेकंदाने स्कॅन करून करंट शून्य होतो ती जागा टिपा. तेच तुमचं शून्य. काच रात्रभर आम्लयुक्त परमँगनेटमध्ये ठेवा, पातळ पेरॉक्साइडने डाग घालवा आणि १८.२ मेगाओमच्या अतिशुद्ध पाण्यात पाच-सहा वेळा उकळा. हे कंटाळवाणं काम टाळलं की पुढचं सगळं मोजमाप संशयास्पद.

आयआर दुरुस्तीही (द्रावणाच्या रोधात खर्च होणारं व्होल्टेज वजा करणं) करा. या आम्लात अशा सेलचा रोध २५ ओमच्या आसपास असतो. पठारावर १.१ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे २८ मिलिव्होल्ट. हाफ-वेव्हला त्याच्या निम्मे. स्कॅन ०.०५ पासून वर, २० मिलिव्होल्ट/सेकंदाने. वरून खाली आलात तर पीटीवरच्या ऑक्साइडमुळे आकडा कमी येतो.

ओआरआर_पुणे

मनापासून आभार. फ्रिटवर पांढरी पूड होतीच. नवी इंक, उलटा शाफ्ट, आरएचई, ऑक्सिजन ३० मिनिटं. आता पठार सपाट, हाफ-वेव्ह ०.८९, चार्ज ४१०. पण लिमिटिंग करंट ५.४ च येतो, पेपरांत ५.८ दिसतो. अजून कुठे गळती?

थर_पातळ

गळती नाही, तुम्ही पुण्यात आहात! पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवेचा दाब १०१ ऐवजी ९५ किलोपास्कलच्या आसपास. २५ अंशाला त्यातले ३.२ पाण्याच्या वाफेचे. ऑक्सिजनला उरतात ९१.६, मुंबईत ९८.१. करंट विरघळलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात असतो, म्हणून ५.८ गुणिले ०.९३, बरोबर ५.४. तुमचा आकडा शंभर टक्के चोख आहे.

मात्र ०.९ व्होल्टची मास ॲक्टिव्हिटी, म्हणजे पीटीच्या वजनामागचा कायनेटिक करंट, काढताना (कायनेटिक करंट = लिमिटिंग गुणिले मोजलेला, भागिले दोन्हींतला फरक) तुमचा स्वतःचा ५.४ च घाला, पेपरातला ५.८ नको. दुसऱ्या गावच्या आकड्याशी तुलना करायची तर दाबाची दुरुस्ती वेगळी दाखवा. मोसमानुसार दाब थोडा हलतो, तेव्हा वहीत प्रत्येक रनपुढे बॅरोमीटरचा आकडा लिहा. कोबाल्टवाला आता बिनधास्त लावा, त्याच दिवशी, त्याच आम्लात, पीटी/सीच्या शेजारी.