जोडीदार गेल्यावर वयस्कर गायिकेला पुन्हा मंचावर कसं आणावं?

प्रश्न: बाई ७२ वर्षांच्या आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले. साथीला कायम तेच असत. तेव्हापासून रियाज बंद आहे. आवाज घोगरा झालाय, वरचा सा लागत नाही, ओळी विसरतात. दोन महिन्यांनी कार्यक्रम आहे. ठेवावा का?

प्रतिसाद १: आधी घसा. घोगरेपणा चार आठवड्यांहून जास्त टिकलाय, म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र दुर्बिणीनं बघून घ्यायलाच हवं. सगळं दुःखावर ढकलू नका. उतारवयात स्वरतंतू पातळ होतात, मिटताना फट राहते, आणि रियाज थांबला की आवाज आणखी ढासळतो. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो, तेव्हा औषधांची यादी सोबत न्या.

तपासणीत काही निघालं नाही तर नळीनं (शीतपेय प्यायच्या स्ट्रॉनं) सुरुवात करा. नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून हलका ‘ऊ’, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. तुटले तर श्वास अडतोय. मग मधल्या सप्तकात आकार, म्हणजे नुसत्या ‘आ’वर गाणं. वरच्या सा साठी झटू नका, पट्टीच अर्ध्या-एका सुरानं उतरवा. रडून झाल्यावर लगेच गायला बसवू नका, तेव्हा स्वरतंतू सुजलेले असतात.

प्रतिसाद २: खरी अडचण साथीची येईल. बाई श्वास कुठे घेतात, कुठे थांबतात हे यजमानांना न सांगता कळायचं. नव्या साथीदाराला ते माहीत नाही, म्हणून प्रत्येक गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागा खुणा करून द्या आणि ‘तू पुढे वाजव’ यासाठी हाताची एक खूण ठरवा. त्याला यजमानांच्या जागी बसवू नका, दुसऱ्या बाजूला बसवा. कार्यक्रम चाळीस मिनिटांचाच ठेवा. दोघांचं आवडतं गाणं मध्यावर घ्या, त्यानंतर नुसतं वादन, म्हणजे सावरायला वेळ मिळतो. हुंदका दाटला तर आवंढा गिळू नये, घसा आणखी आवळतो. जबडा सैल सोडून लांब उच्छ्वास टाकावा. शब्द मोठ्या अक्षरांत समोर असू द्या.

प्रतिसाद ३: विसरण्याचं लगेच मनावर घेऊ नका, शोकात लक्ष लागत नाही. मात्र ओळखीचा रस्ता किंवा रोजची कामंही चुकत असतील तर डॉक्टरांना दाखवा. जेवण सुटलं, अंथरूण सोडवेना किंवा ‘मला जगायचं नाही’ असं बोलल्या, तर एक दिवसही थांबू नका. आणि कृपा करून ‘आता सावरा’ म्हणू नका, चार महिने फार थोडे आहेत. कार्यक्रमाचा निर्णय बाईंचाच. आयोजकांना आजच सांगून ठेवा, तीन आठवडे आधीपर्यंत नकार देण्याची मोकळीक बाईंना हवी.